उलटा नमस्कार

रात्री अडीचला हात मला उठवतो.
आधी अंगठा, मग त्याच्या शेजारची दोन.
करंगळी तेवढी गुमान झोपलेली असते,
ती कामाला नसतेच, तिचं बरं आहे.

मी हात झटकते,
धुणं धुऊन पाणी झटकावं तसा,
झटकत राहते, तोवर
शेजारच्या मिठारींची कुत्री एकदा भुंकून गप होते.

हुपरीत हे कुणाला सांगायचं?
इथं दर तिसऱ्या दारात चिमटा वाजतो.
कडी घे, उघड, दुसरीत अडकव, दाब.
कडी घे.
बाळगोंडा म्हणायचे, मोजू नको, मोजलं की हात जड होतो.
एकदाच मोजल्या मी, सन्मती पोटात असताना,
झोप लागेना म्हणून:
एका लडीला तीनशे बारा.
दिवसाला किती लड्या, वर्षाला किती दिवस,
पुढचा गुणाकार केला नाही.

शेठ चांदी तोलून देतात, तोलून नेतात,
घट किती गेली ते वहीत मांडतात,
दोन ग्रॅम, अडीच.
गेल्या महिन्यात माझ्या हातून
एक कपबशी गेली, एक दुधाचं पातेलं भरलेलं,
आणि मिठारींच्या नातवाला घेतलं होतं
तो जरासा निसटला. पडला नाही.
पण तेव्हापासून मी त्याला घेत नाही,
तो हात पसरतो तरी.

ब्लाउजचे हूक आता सन्मती लावते,
मागं उभी राहून, काही न बोलता.

शेवटी एसटीनं कोल्हापूरला गेले, सीपीआरला.
केसपेपरच्या खिडकीतल्या पोरीनं विचारलं,
काम काय करता?
म्हटलं, घरीच असते.
तिनं लिहिलं, गृहिणी.
माझी बोटं तेव्हाही
पिशवीच्या बंदाला कडी शोधत होती.

डॉक्टरीणबाई कोवळी, लातूरकडच्या बोलीची.
म्हणाली, मावशी, नमस्कार करा.
केला.
आता उलटा.
हातांच्या पाठी एकमेकींना, बोटं जमिनीकडं.
असा नमस्कार मी कुठल्या बस्तीत केला नव्हता.
एक मिनिट धरा, म्हणाली घड्याळाकडं बघत.
मिनिट भरायच्या आतच मुंग्या आल्या,
वारूळ फुटावं तशा.

नस दाबलीय, म्हणाली. मनगटात एक बोळ असतो,
अरुंद, त्यातनं जाते ती.
मला आमच्या गल्लीतला बोळ दिसला,
समोरून म्हैस आली की
माणसानं भिंतीला चिकटायचं, श्वास धरून.

निळा पट्टा दिला, आत पत्र्याची पट्टी.
सहा आठवडे विश्रांती, म्हणाली.
मी हसले. तीही हसली, पण वेगळं.
किती वर्षं करताय हे?
तेव्हा सांगितलं खरं. सव्वीस.
तिनं पेन उचललं, ठेवलं.
गृहिणी खोडलं नाही.

परतले तर दिवेलागण झालेली.
सोप्यात सन्मती, पुढ्यात माझी पेटी,
बारावीचं पुस्तक बाजूला पालथं.
“तुझी राहिलेली लड केली गं.
शेठ उद्या येणारेत न्हवं?”

लड हातात घेतली. बोटांना नीट कळेना,
म्हणून गालाला लावून बघितली.
कड्या सरळ, डाग एकसारखा,
माझ्यापेक्षा चांगला.
आणि तिचं मनगट चिमट्याखाली
माझ्यासारखंच, आतल्या बाजूला वाकडं.
ते काही मी शिकवलं नव्हतं.

पट्टा पिशवीतच होता.
मी म्हणाले, उजेडात बस.
एवढंच म्हणाले.
मग चहा टाकला,
पातेलं दोन्ही हातांनी धरून.